शुगर उतरली, पाय सुजले: गोळीतल्या त्या तिसऱ्या औषधाबद्दल

त्या मावशींनी पायातली जोडवी काढून पर्समध्ये ठेवली होती. बोटांत रुतायला लागली होती म्हणून. ती पर्स उघडून त्यांनी मला दाखवली, तेव्हा माझं काय चुकलं ते मला कळलं. पण तोवर सहा आठवडे गेले होते.

वय बासष्ट, अंगणवाडीतून निवृत्त. मधुमेह चौदा वर्षांचा, बीपी त्याहून थोडं जुनं. (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत.) दिवाळीत मुलाकडे शहरात गेल्या होत्या. तिथे रक्त तपासलं, एचबीएवनसी ९.४ आलं. तिथल्या डॉक्टरांनी आधीची दोन औषधांची गोळी बंद करून तीन औषधांची एक गोळी लिहून दिली. तीन महिन्यांनी माझ्याकडे आल्या तेव्हा तोच आकडा ७.१ वर आला होता. मी फाईल बघितली आणि म्हणालो, "वा मावशी, शंभरपैकी शंभर!"

"पायाला जरा सूज येते डॉक्टर," त्या म्हणाल्या.

मी घोट्यावर बोट दाबून पाहिलं, खड्डा पडत होता. बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू होतं. त्या गोळीनं पाय सुजतात हे आम्ही डॉक्टर लोक झोपेतही सांगू. पापड-लोणचं बंद करा म्हणालो, आठ दिवस पाणी काढायची गोळी दिली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. गोळीच्या पाकिटावरची तीन नावं मी वाचलीच नाहीत. शुगर छान होती, मग वाचायचं कशाला?

सहा आठवड्यांनी आल्या त्या मुलाच्या आधारानं. वजन पाच किलो वाढलेलं. रात्री तीन उशा लागत होत्या. संडासापर्यंत जाऊन आल्या तरी धाप. सोबत आलेले काका म्हणाले, "शुगर मात्र एकदम कंट्रोलमध्ये आहे हो." छातीत पाणी, पोटापर्यंत सूज. सहा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. निदान हार्ट फेल्युअर, आणि पाकिटावरचं तिसरं नाव पायोग्लिटाझोन.

हा लेख मी रागानं लिहितोय, आणि त्या रागातला पहिला वाटा माझा स्वतःचा आहे. दुसरा वाटा आपल्याकडच्या एका सवयीचा: शुगरचा आकडा खाली आला की सगळं आलबेल, मग तो कोणत्या औषधानं आला आणि शरीराच्या दुसऱ्या कुठल्या भागाला त्याची किंमत मोजावी लागतेय, हे कुणी विचारायचं नाही. ना डॉक्टरांनी, ना पेशंटनं, ना पाच-पाच गोळ्या कापून देणाऱ्या दुकानदारानं.

आधी हार्ट फेल्युअर म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण या शब्दानं लोक फार घाबरतात. हार्ट फेल म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हार्ट अटॅकही नव्हे. हृदय हा पंप आहे. तो पुरेसा जोर लावू शकत नाही, किंवा कडक झाल्यामुळे नीट भरत नाही, आणि मग मागे पाणी तुंबतं: पायात, पोटात, फुफ्फुसात. शेतातल्या पाटाला पुढे उतार राहिला नाही की मागचं रान भिजतं, तसंच. मधुमेह हा आजारच या पंपाचा शत्रू आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात दशकानुदशकं चाललेल्या अभ्यासानं १९७४ मध्येच दाखवलं की मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण दुपटीहून जास्त आणि मधुमेही स्त्रियांत पाचपट असतं. म्हणजे ज्या माणसाचा पंप आधीच धोक्यात आहे, त्याच माणसाला आपण ही औषधं देत असतो. म्हणून औषध निवडताना हृदयाचा विचार आधी व्हायला हवा. आपल्याकडे तो झालाच तर शेवटी होतो.

आता पायोग्लिटाझोन काय करतं? शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, हा टाइप दोन मधुमेहाचा मूळ घोटाळा. हे औषध ती दाद सुधारतं. खरोखर सुधारतं, म्हणूनच शुगर उतरते. पण ज्या कळीवर ते बोट ठेवतं, ती कळ फक्त चरबीच्या पेशींत नाही, मूत्रपिंडाच्या नळ्यांतही आहे. तिथे ती दाबली की मीठ शरीरात परत ओढलं जातं, आणि मिठामागून पाणी येतंच. हृदयाच्या स्नायूवर हे औषध विष म्हणून काम करत नाही, हे स्पष्ट सांगतो. ते फक्त शरीरात पाणी साठवतं. धडधाकट पंप ते पाणी उपसतो, माणसाला थोडी सूज येते, वजन दोन किलो वाढतं, विषय संपला. ज्याचा पंप आधीच थकलाय किंवा कडक झालाय आणि त्याची कुणाला कल्पना नाही, त्याला तेवढं पाणी पुरतं. सोबत इन्सुलिन चालू असेल तर सुजेचा धोका आणखी वाढतो. डोस वाढेल तशी सूज वाढते. आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त येते.

ही काही काल-परवा लागलेली बातमी नाही, म्हणून तर राग येतो. २००५ साली प्रोॲक्टिव्ह नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच हजार दोनशे अडतीस पेशंट, सगळे आधीच हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेले. अर्ध्यांना पायोग्लिटाझोन, अर्ध्यांना साधी गोळी. जवळपास तीन वर्षांत, औषध न घेणाऱ्यांपैकी शंभरात चार जणांना गंभीर हार्ट फेल्युअर झालं, घेणाऱ्यांपैकी शंभरात सहा जणांना. हार्ट फेल्युअरनं झालेल्या मृत्यूंत फरक नव्हता, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दोन वर्षांनी, ऑगस्ट २००७ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या गटातल्या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला: हे औषध हार्ट फेल्युअर घडवू शकतं किंवा असलेलं वाढवू शकतं, सूज, वजन, दम यांवर लक्ष ठेवा, मध्यम ते तीव्र हार्ट फेल्युअर असलेल्यांना सुरूच करू नका. त्यांच्याकडे यापेक्षा कडक इशारा छापता येत नाही.

आपल्याकडे हा इशारा पेशंटपर्यंत कसा पोचतो? पोचत नाही. माहितीपत्रक असतं ते खोक्यात. खोकं राहतं दुकानात. तुमच्या हातात येते ती कात्रीनं कापलेली अर्धी पट्टी, आणि बऱ्याचदा नावाचा भाग नेमका कापून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

याच गटातल्या दुसऱ्या औषधाची, रोझिग्लिटाझोनची, गोष्ट तर डॉक्टरांनी दर वर्षी एकदा आठवावी अशी आहे. १९९९ साली ते बाजारात आलं, शुगर छान उतरवत होतं, जगभर खपलं. २००७ च्या मे महिन्यात क्लीव्हलँडचे हृदयरोगतज्ज्ञ स्टीव्हन निसेन यांनी बेचाळीस अभ्यासांचा हिशेब एकत्र मांडून दाखवलं की या औषधानं हार्ट अटॅकचा धोका वाढत असावा. मोठा गदारोळ झाला. २०१० मध्ये युरोपनं ते थांबवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतानंही बंदी घातली. पुढे अमेरिकेनं दुसऱ्या एका अभ्यासाची फेरतपासणी करून २०१३ मध्ये तिथली बंधनं सैल केली. हार्ट अटॅकच्या मुद्द्यावर वाद राहिला. पण त्यामुळे हार्ट फेल्युअर होतं, यावर वाद कधीच नव्हता. आणि २०१२ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीनं अमेरिकेत तीन अब्ज डॉलरची तडजोड केली, त्यात या औषधाच्या सुरक्षिततेची काही माहिती प्रशासनाला न दिल्याची कबुलीही होती.

भारतात पायोग्लिटाझोनवरही बंदी आली होती, हे किती जणांना आठवतं? जून २०१३ मध्ये आली आणि जुलैअखेर उठली. जेमतेम सहा आठवडे टिकली. पण त्या दिवसांतली सगळी चर्चा मूत्राशयाच्या कॅन्सरवर झाली. फ्रान्सनं २०११ मध्ये त्याच कारणासाठी ते थांबवलं होतं, म्हणून इथेही तोच विषय गाजला. बंदी उठवताना अटी घातल्या गेल्या: पहिलं औषध म्हणून हे वापरू नये, माहितीपत्रकात ठळक इशारा असावा. पण लोकांच्या आणि खरं सांगायचं तर अनेक डॉक्टरांच्याही डोक्यात उरलं ते एवढंच, की "ते कॅन्सरचं काहीतरी होतं, मग सरकारनं परवानगी दिली, म्हणजे आता ठीक आहे." कॅन्सरचा धोका असला तरी फार थोड्यांना. पाणी साठण्याचा धोका रोजच्या ओपीडीतला. गाजला तो पहिला, विसरला गेला तो दुसरा.

"अहो, पण आपल्याकडे साडेसातचा किंवा पंधराचाच डोस देतात," असं माझे काही मित्र म्हणतील. मुद्दा खरा आहे. परदेशातल्या अभ्यासात पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत डोस होता, आणि कमी डोसात सूज कमी येते. ज्याचं हृदय चांगलं आहे, ज्याला सांगून-सवरून दिलंय, ज्याचं वजन दर महिन्याला बघितलं जातंय, त्याला कमी डोसात देण्याला माझा विरोध नाही. उलट या औषधाचे गुणही सांगतो. ते स्वस्त आहे. एकट्यानं घेतलं तर शुगर एकदम खाली जात नाही. काही पेशंटांत यकृतावरची चरबी कमी करतं. २०१६ च्या आयरिस अभ्यासात, ज्यांना आधी पक्षाघात होऊन गेला होता पण मधुमेह नव्हता अशा लोकांत पुन्हा पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण त्यानं जवळपास बारा टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर आणलं. मात्र त्या अभ्यासात हार्ट फेल्युअर असलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे योग्य माणूस निवडला तर हे औषध उपयोगी आहे. माझं भांडण औषधाशी नाहीच. आपल्याकडे ते निवडून दिलं जात नाही, पुड्यात येतं, याच्याशी आहे.

तीन औषधांची गोळी ही आपल्या देशाची खासियत. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन, तिन्ही एकात. पेशंटला एकच गोळी, लक्षात ठेवायला सोपी, खिशाला परवडणारी. डॉक्टरला एक ओळ लिहायची. पण सूज आली तर यातलं एक काढून दोन ठेवता येत नाहीत, पूर्ण गोळीच बदलावी लागते. नवा डॉक्टर पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव वाचतो, खालची मुंगीएवढी अक्षरं वाचत नाही. मी नव्हती वाचली. ब्रँडच्या नावाला पी, थ्री, ट्रायो अशी कसली तरी शेपटी असते, पण त्या शेपटीवरूनही काही ठरवू नका, कारण एका कंपनीच्या "पी"चा अर्थ दुसऱ्या कंपनीत वेगळाच असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं तीनशे अठ्ठावीस मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात मधुमेहाच्याही काही मिश्र गोळ्या होत्या. तरी ही तिन्ही औषधं एकत्र असलेले अनेक ब्रँड आजही कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात.

आणि मग माझ्या हातून झालं तसं होतं. गोळीनं सूज येते. सुजेवर पाणी काढायची गोळी दिली जाते. तिनं पोटॅशियम उतरतं, मग पोटॅशियमचं सिरप. पाय दुखतात, मग दुखण्याची गोळी, आणि त्या दुखण्याच्या गोळ्यांनी शरीरात पाणी आणखी साठतं! एक औषध काढायचं होतं, त्याऐवजी तीन वाढतात. या औषधाची सूज नेहमीच्या पाणी काढायच्या गोळीला बऱ्याचदा नीट दाद देत नाही. ते औषध बंद करणं हाच तिच्यावरचा खरा उपाय. मावशींचं तसंच झालं. गोळी बदलली, इंजेक्शनं दिली, तेव्हा कुठे पाच किलो पाणी निघालं.

आता इथे थांबून दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. हा लेख वाचून उद्या कुणीतरी "मधुमेहाच्या ॲलोपॅथी गोळ्यांनी हार्ट फेल होतं, डॉक्टरांनीच कबूल केलं" असा मेसेज फिरवेल आणि खाली कारल्याच्या पावडरीची जाहिरात जोडेल. माझं म्हणणं तसं अजिबात नाही. ज्या गोळ्यांबद्दल लोकांना उगाच भीती घातली जाते त्यात मेटफॉर्मिन पहिलं. हार्ट फेल्युअर असलेल्यांना ते देऊ नये असं एके काळी आम्हालाही शिकवलं होतं. पण तो समज टिकला नाही. अमेरिकेनं २००६ मध्येच ती मनाई काढून टाकली. मूत्रपिंड बऱ्यापैकी चालत असेल तर ते हृदयाच्या पेशंटलाही चालतं. शुगरची गोळी मनानं सोडली तर हृदयाचं नुकसान नक्की होतं, फक्त ते सावकाश होतं म्हणून दिसत नाही.

ग्लिप्टिन गटाची गंमत अशी, की एकाच कुटुंबातली भावंडं वेगळी निघाली. सॅक्साग्लिप्टिनचा २०१३ सालचा अभ्यास सोळा हजारांहून जास्त लोकांवर होता. हार्ट फेल्युअरसाठी हॉस्पिटलात जावं लागण्याचं प्रमाण २.८ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर गेलं. का, ते अजून पक्कं उलगडलेलं नाही. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेनं सॅक्साग्लिप्टिन आणि ॲलोग्लिप्टिन या दोघांवर इशारा छापायला लावला. पण सिटाग्लिप्टिनच्या २०१५ च्या अभ्यासात चौदा हजारांहून जास्त लोकांत असा काहीच फरक दिसला नाही, लिनाग्लिप्टिनमध्येही नाही. तेव्हा "ग्लिप्टिन वाईट" असं म्हणून सगळ्यांना एका सुपात टाकू नका. आपल्याकडे जे सर्रास दिलं जातं ते बहुतेक वेळा सॅक्साग्लिप्टिन नसतंच.

या सगळ्यातून निघालेली एक गोष्ट मात्र चांगली आहे. रोझिग्लिटाझोनच्या गोंधळानंतर, डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेनं नियम केला: मधुमेहाच्या नव्या औषधानं नुसती शुगर उतरवून चालणार नाही, ते हृदयाला घातक नाही हे दाखवावं लागेल. कंपन्यांनी कुरकुर केली. पण त्याच सक्तीतून एक अनपेक्षित बातमी आली. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचा अभ्यास आला, सात हजार वीस पेशंटांचा. हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होण्याचं प्रमाण ४.१ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर उतरलं. लघवीतून साखर आणि मीठ बाहेर टाकणारी ही गोळी, म्हणजे पायोग्लिटाझोन जिथे मीठ धरून ठेवतं तिथे हे सोडून देतं. २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिननं तर मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटांनाही फायदा दाखवला. शुगरची गोळी म्हणून निघालेलं औषध हृदयाची गोळी ठरलं!

"ती महाग आहेत डॉक्टर," हे वाक्य पाच वर्षांपूर्वी खरं होतं. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं आणि भाव पडले. एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं. साठ रुपयांच्या आसपास पडणाऱ्या गोळीला दहा-पंधरा रुपयांच्या आसपासचे पर्याय आले. तेव्हा ज्याला हृदयाचा आजार आहे, दम लागतो, मूत्रपिंडावर परिणाम सुरू झालाय, त्याला अजूनही डोळे झाकून पायोग्लिटाझोनची तिहेरी गोळी लिहिली जात असेल, तर आता खर्चाकडे बोट दाखवता येणार नाही. सवय सुटत नाही, एवढंच कारण उरतं.

या नव्या गोळ्याही काही देवाचा प्रसाद नाहीत. लघवीच्या जागी बुरशीची खाज येते, बायकांना जास्त. स्वच्छता पाळावी लागते आणि लाजून लपवू नये. क्वचित शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार होतो. म्हणून निर्जळी उपवास, उलट्या-जुलाब, ऑपरेशन अशा वेळी ही गोळी बंद ठेवायची असते. नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढणारे माझ्याकडे आहेत. त्यांनी हे आधी सांगायलाच हवं, आणि आम्ही आधी विचारायला हवं.

आकड्याच्या पूजेबद्दल एक शेवटचा दाखला देतो. अमेरिका-कॅनडातला ॲकॉर्ड नावाचा अभ्यास, दहा हजारांहून जास्त मधुमेही, सगळे हृदयाला धोका असलेले. एका गटाची शुगर औषधांचा मारा करून एचबीएवनसी सहाच्या खाली आणायची असं ठरवलं. फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग अर्ध्यात थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले: २५७ विरुद्ध २०३. नेमकं कशामुळे, यावर अजून मतं आहेत. शुगर आटोक्यात ठेवण्याचे फायदे भक्कम आहेत, डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पण आकडा जितका खाली तितका माणूस सुरक्षित, हे गणित वयस्क आणि हृदय थकलेल्या पेशंटला लागू होत नाही. त्या दिवशी मी मावशींना शंभरपैकी शंभर दिले ते याच गणितानं.

देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत असं आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निघालं. त्यातल्या किती जणांच्या हृदयाची कधी चौकशी झाली असेल? गोळी सुरू करण्याआधी तीन प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं: जिना चढताना दम लागतो का, रात्री उशी वाढवावी लागते का, आधी हार्ट अटॅक किंवा ॲन्जिओप्लास्टी झाली आहे का. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०२२ मध्ये तर मधुमेहींचं हृदय ताणाखाली आहे का हे सांगणारी रक्ततपासणी दर वर्षी करा असं सुचवलंय. ती आपल्याकडे सगळ्यांना परवडणार नाही, हे मान्य. वजनकाटा परवडतो. मी आता या औषधावर असलेल्या प्रत्येकाला सांगतो: आठवड्यातून दोनदा, सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. चार-आठ दिवसांत दोन किलो वाढलं, चप्पल घट्ट झाली, अंगठी निघेना, आडवं पडल्यावर दम लागायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा. बसल्या जागी दम लागत असेल तर फोनही नाही, थेट हॉस्पिटल.

तुम्हीही आज एक काम करा. घरातल्या मधुमेहाच्या गोळीचं पूर्ण पाकीट घ्या, चष्मा लावा नाहीतर नातवाला बोलवा, आणि बारीक अक्षरातली घटकांची नावं वाचून काढा. पायोग्लिटाझोन असेल तर घाबरून गोळी फेकून देऊ नका. अनेकांना ती विचारपूर्वक दिलेली असते आणि नीट चाललेली असते. पण पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "यात पायोग्लिटाझोन आहे, माझं हृदय बघून दिलंय ना?" डॉक्टर रागावतील अशी भीती वाटते, मला माहीत आहे. मला कुणी हे विचारलं असतं तर मीही कदाचित भुवई उंचावली असती, पण पाकीट उलटून वाचलं असतं. दुकानदाराला सांगा की नावाचा भाग असलेली पट्टी द्या, किंवा मोबाइलवर पूर्ण पाकिटाचा फोटो काढून ठेवा. आणि "ही संपली आहे, तिच्याऐवजी ही घ्या, सेमच आहे" असं म्हणून त्यानं दुसरा ब्रँड दिला तर तो घरी नेऊन आधी नावं जुळवा.

मावशी आता बऱ्या आहेत. वेगळ्या गोळ्या चालू आहेत, एचबीएवनसी ७.६ आहे आणि मी त्यावर समाधानी आहे. काका नाहीत. त्यांना ७.१ च हवं होतं, आणि दर वेळी ते मला त्याची आठवण करून देतात. गेल्या आठवड्यात त्या तपासायला आल्या तेव्हा पर्समधून एक अर्धी कापलेली पट्टी काढून टेबलावर ठेवली. "ही माझी नाही डॉक्टर, धाकट्या बहिणीची आहे. तिचेपण पाय सुजतायत, तिकडचे म्हणतात वयानं होतं." नावाचा भाग कापला गेला होता. फक्त मागच्या बाजूला शेवटची काही अक्षरं उरली होती, "टाझोन." बहिणीला दोन वर्षांपूर्वी ॲन्जिओप्लास्टी झालेली आहे. लगेच फोन लावला. दम नाही, पण चार उशा घेऊन झोपते म्हणाली, "सवयच आहे मला." उद्या सकाळी पहिल्या गाडीनं निघ आणि आतापर्यंतचे सगळे इको घेऊन ये, असं मावशींनी माझ्यासमोरच तिला बजावलं.